उलटी किती वाजता झाली, तेवढं लिहून ठेवा

प्रति,
मा. विभागीय आयुक्त, छत्रपती संभाजीनगर. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांचे मा. जिल्हाधिकारी, जिल्हा शल्यचिकित्सक आणि मेडिकल कॉलेजांचे अधिष्ठाता यांस,

विषय: अणुदुर्घटनेतल्या जखमींना किती रेडिएशन लागलं हे तालुक्याच्या दवाखान्यातच ओळखायची सोय करण्याबाबत

साहेब, मॅडम, सगळ्यांना नमस्कार.

मी औसा तालुक्यातला, लॅब टेक्निशियन आहे, लोकांचं रक्त काढायला लागून सव्वीस वर्षं झाली. डॉक्टर नाही, सायंटिस्ट तर नाहीच, पण जे लिहायलोय ते माझ्या टेबलावरचं रोजचं काम आहे म्हणून लिहायलोय. मागं एका ठिकाणी मॉक ड्रिल झाली, ठिकाणाचं नाव घेत नाही कारण तिथली माणसं मनापासून राबत होती. ड्रिलमध्ये असं धरलं होतं की कुठंतरी रेडिएशनची दुर्घटना झाली आणि पेशंट आपल्याकडं आलेत. कॉलेजची पोरं स्ट्रेचरवर झोपवली, पांढरे सूट घातलेल्या दोघांनी त्यांच्या अंगावरून मीटर फिरवला, नाही वाजला की क्लिअर म्हणून पुढं, वाजला की बाजूला. अर्ध्या तासात सगळं संपलं. मी कोपऱ्यात उभा होतो आणि वाट बघत होतो की आता कुणीतरी विचारेल, बाबा तुला उलटी झाली का, झाली तर किती वाजता. कुणीच विचारलं नाही, आणि कुणी रक्ताची ट्यूबही काढली नाही.

ते मनातून जाईना म्हणून हे पत्र.

मीटर वाईट नाही, पाहिजेच तो. पण मीटर काय सांगतो तर अंगावर, कपड्यावर, केसात किरणोत्सारी धूळ बसली आहे का तेवढं. एखादा माणूस उघड्या सोर्सपाशी, म्हणजे किरणं फेकणाऱ्या तुकड्यापाशी, दहा मिनिटं उभा राहिला, किरणं त्याच्यातून आरपार गेली, तर त्याच्या अंगावर काहीच उरत नाही आणि मीटर गप्प बसतो. एक्स-रे काढून बाहेर आलेल्या माणसाच्या अंगातून एक्स-रे निघत नाहीत, तसंच हे. म्हणजे ज्याला आपण क्लिअर म्हणून घरी पाठवायलो त्याची हाडातली रक्ताची फॅक्टरी बंद पडलेली असू शकते, आणि ज्याच्या शर्टावर मीटर कर्कश वाजतोय तो शर्ट काढून साबणानं अंग धुतलं की बऱ्याचदा ठणठणीत असतो. अंगावर बसलेलं वेगळं आणि अंगाला लागलेलं वेगळं. हे दोन शब्द आपल्या सगळ्या कागदांवर वेगळे लिहा ही माझी पहिली मागणी.

१९८७ च्या सप्टेंबरात ब्राझीलमध्ये गोयानिया नावाच्या शहरात बंद पडलेल्या कॅन्सरच्या दवाखान्यातून मशीनचा भाग दोघांनी उचलून नेला, भंगारवाल्याला विकला, आतून निळसर चमकणारी किरणोत्सारी सिझियमची पावडर निघाली आणि ती लोकांनी कौतुकानं घरोघर वाटली. लोक आजारी पडले, उलट्या, जुलाब, अंगावर फोड, तर दवाखान्यात आधी वाटलं खाण्यातून काही झालं असेल, कुणाला वाटलं उष्ण प्रदेशातला रोग असेल. सोर्स फुटल्यापासून रेडिएशन आहे हे कळेपर्यंत दोन आठवडे गेले. मग स्टेडियमवर १ लाख १२ हजार लोकांची तपासणी करावी लागली, त्यात धूळ लागलेले निघाले २४९ आणि वारले ४ जण, त्यात एक सहा वर्षांची पोरगी. आकडे परत बघा साहेब, लाखाच्या वर रांगेत, अडीचशेला धूळ, आणि जीवघेणा डोस बोटावर मोजण्याइतक्यांना. त्या एवढ्या गर्दीतून ती थोडी माणसं वेळेत हुडकायची कशी, माझा सगळा सवाल तोच आहे.

हुडकायची पहिली खूण उलटी. डॉक्टर लोकांच्या तक्त्यात सरळ दिलेलं असतं, डोस मोजतात ग्रे मध्ये, आणि ग्रे म्हणजे केवढं हे समजायला पोटाचा सीटी स्कॅन धरा, एका सीटीला साधारण एका ग्रेचा शंभरावा भाग, म्हणजे एक ग्रे हा शंभर सीटी एकाच वेळी. एक ग्रेच्या खाली सहसा उलटी होतच नाही. एक ते दोन असेल तर दोन तासांनंतर कधीतरी, तीही सगळ्यांना नाही. दोन ते चार असेल तर तास-दोन तासांत, बहुतेकांना. चार ते सहाला तासाच्या आत. सहाच्या वर गेला तर अर्ध्या तासात, आणि आठच्या वर असेल तर दहा मिनिटांत माणूस ओकायला लागतो. उपचार काहीच मिळाले नाहीत तर साडेतीन-चार ग्रेला निम्मी माणसं दोन महिन्यांत जातात. म्हणजे तासाभरात उलटी झालेला आणि चार तासांनी उलटी झालेला ही दोन वेगळी माणसं आहेत, एकाला आजच मोठ्या दवाखान्यात हलवायचंय आणि दुसऱ्याला बहुतेक लक्ष ठेवून सांभाळता येतंय, आणि केसपेपरवर दोघांच्याही पुढं "व्होमिटिंग प्लस" एवढंच लिहिलेलं असेल तर पुढच्या डॉक्टरनं काय करावं?

मला वेळेचं एवढं का लागतंय ते सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं, ती वेळ आमच्याकडं लहान पोरालाही पाठ आहे. मी तेव्हा अठरा वर्षांचा. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक दमून झोपलेले, आणि किल्लारी, सास्तूर, तिकडची सगळी दगड-मातीची धाब्याची घरं माणसांवर आली, आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. माझ्या मामाला आम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून दवाखान्यात नेलं. वरून फारसं लागलेलं नव्हतं, बोलत होता, पाणी मागत होता. तिथल्या तरुण डॉक्टरनं मला एकच विचारलं, हे ढिगाऱ्याखाली किती तास होते रे? मी म्हणलं सकाळी काढलं. शेजारचा म्हणला दुपारी काढलं. कुणी म्हणलं पाय मोकळा होता, कुणी म्हणलं दोन्ही दबलेले. डॉक्टर गप्प झाला आणि पुढच्या पेशंटकडं गेला, शेकडो होते. मामाची लघवी बंद झाली आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. दबलेल्या मांसातलं विष किडनीवर येतं आणि किती तास दबला त्यावर सगळं असतं हे मला लॅबचा कोर्स करताना कळलं, सहा वर्षांनी. मामाच्या कागदावर नाव होतं, गाव होतं, वय अंदाजे ४० असं होतं. वेळ नव्हती. मी कुणाला दोष देत नाही, मी स्वतः तिथं हातात घड्याळ बांधून उभा होतो.

योगायोग म्हणा, बरोबर सहा वर्षांनी, ३० सप्टेंबर १९९९ ला जपानमध्ये तोकाईमुरा इथं युरेनियमच्या कारखान्यात तीन कामगारांना मोठा डोस बसला. टाकीत प्रमाणाबाहेर युरेनियमचं द्रावण ओतलं आणि अणू फुटायची साखळी तिथंच चालू झाली. अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांना रेडिएशनचं सांगितलंही नव्हतं. ज्याला सगळ्यात जास्त लागलं तो काही मिनिटांतच ओकला आणि शुद्ध हरपली. तिथं फुटलेल्या अणूंतून सुटणाऱ्या न्यूट्रॉन कणांचा मारा होता आणि न्यूट्रॉननं अंगातलं साधं सोडियमच किरणोत्सारी होतं, त्यामुळं त्यांना रक्तातल्या सोडियमवरून डोस काढता आला. आपल्याकडं तालुक्याला ते जमणार नाही हे मला कळतंय. पण त्यांनी त्याच्याबरोबर जे दुसरं केलं, रक्तातल्या लिम्फोसाइट नावाच्या पेशी परत परत मोजल्या, ते आपल्याला आजच्या आज जमतंय.

आता मी माझ्या कामाबद्दल बोलतो आणि इथं मला थोडं लांबण लावू द्या.

उलटीवर एकट्या भरवसा ठेवता येत नाही. भीतीनं उलटी होते, डोक्याला मार लागला तर होते, ट्रॅव्हलमध्ये बसून आला तर होते, उन्हात फिरला तरी होते. आणि डोस थोडा थोडा करून दिवसांमध्ये बसला असेल तर उलटीची वेळ फसवते, गोयानियाच्या भंगारवाल्याला वारलेल्या चौघांपेक्षा जास्त डोस बसला होता तरी तो वाचला कारण तो थोडा आत थोडा बाहेर करत होता. म्हणून दुसरी खूण पाहिजे आणि ती रक्तात आहे. पांढऱ्या पेशींमधल्या लिम्फोसाइट ह्या पेशी रेडिएशनला सगळ्यात नाजूक, पहिल्या दोन दिवसांतच घसरतात, आणि डोस जेवढा मोठा तेवढी घसरण जोरात. धडधाकट माणसाचे साधारण दीड हजार ते साडेतीन हजार असतात. पेशंट आल्या आल्या एक सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, करायचा, मग दर सहा तासाला एक, असं दोन दिवस, नंतर सकाळ-संध्याकाळ केलं तरी चालतं. ४८ तासांनी काउंट हजाराच्या वर टिकून असेल तर बरीच आशा आहे, पाचशेच्या खाली आला तर मामला गंभीर, शंभराच्या खाली गेला तर फार अवघड.

आता आपल्याकडं चूक कुठं होईल ते मला आत्ताच दिसायलंय. समजा पेशंटचा पहिला रिपोर्ट, पांढऱ्या पेशींचा टोटल काउंट ८०००, लिम्फोसाइट ३० टक्के. बारा तासांनी दुसरा, टोटल ११०००, लिम्फोसाइट १० टक्के. आपल्या वॉर्डात बघणारा काय बघतो? टोटल. आठचे अकरा झाले, म्हणजे इन्फेक्शन आहे, अँटिबायोटिक लावा. पण गुणाकार करून बघा, आधी २४०० लिम्फोसाइट होते आता ११०० उरले, बारा तासांत निम्म्याच्याही खाली. टोटल वाढली कारण न्यूट्रोफिल, म्हणजे पांढऱ्या पेशींचाच दुसरा प्रकार, सुरुवातीला उसळी मारतात, ती उसळीच खरी घसरण झाकून टाकते. म्हणून रिपोर्टवर टक्का नाही, अ‍ॅब्सोल्यूट लिम्फोसाइट काउंट मोठ्या अक्षरात पाहिजे आणि त्याच्या शेजारी सॅम्पल काढल्याची वेळ. रिपोर्ट छापल्याची नाही, सॅम्पल काढल्याची. आमच्या मशीनवर छापल्याची वेळच येते आणि कधी कधी मशीनचं घड्याळच चुकीचं असतं, लाइट जाऊन जाऊन.

आणि लाइटचं म्हणाल तर मशीन बंद पडलं तरी काही अडत नाही. स्लाइड, पेशी रंगवायचा लिशमन स्टेन, मायक्रोस्कोप, पेशी मोजायची काच म्हणजे न्यूबॉर चेंबर, हे बहुतेक ग्रामीण रुग्णालयांत असतं. शंभर पेशी मोजायला हात बसलेल्या माणसाला पाच मिनिटं लागतात. आमची जुनी टेक्निशियन मंडळी हे डोळे मिटून करतात, नवीन पोरांना मात्र मशीनची सवय झालीय, त्यांच्याकडून महिन्यातून एकदा तरी हातानं मोजून घ्या अशी माझी विनंती आहे.

अजून एक आपल्या भागातलं. खेड्यातून आलेल्या पेशंटला दवाखान्यात यायच्या आधी कुणीतरी एक सलाईन आणि त्यात डेक्सा मारलेलं असतं. डेक्सा म्हणजे स्टेरॉइड, आणि स्टेरॉइडनं लिम्फोसाइट तसेही खाली येतात. मोठं भाजलं असेल, हाड मोडलं असेल तरी येतात. म्हणून आधी काय इंजेक्शन दिलं हे विचारून लिहिल्याशिवाय काउंटचा अर्थ लागत नाही. तसंच उलटीचं इंजेक्शन. पेशंट ओकायला लागला की सिस्टर पहिलं ते देतात, द्यायलाच पाहिजे, त्याचे हाल बघवत नाहीत, पण देण्याआधी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून वेळ टाका एवढंच. दिल्यानंतर ती खूण बुजते.

सगळ्यात घात करणारी गोष्ट पुढं आहे. ज्याला मोठा डोस लागलाय तो पहिल्या दिवशी ओकतो, गळून जातो, आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरा होतो. खरंच बरा दिसतो, जेवतो, चालतो, घरी सोडा म्हणून मागं लागतो. गर्दी असेल तर आपण सोडूनही देऊ. आणि मग आठवडा-दोन आठवडे, कधी तीन आठवड्यांनी केस गळायला लागतात, हिरड्यातून रक्त, ताप, पांढऱ्या पेशी संपलेल्या, प्लेटलेट संपलेल्या. तेव्हा तो गावात असतो आणि गावातला डॉक्टर डेंग्यूची टेस्ट करतो. हाडातल्या मगजाला जोर देणारं फिलग्रास्टिम नावाचं इंजेक्शन आहे, कॅन्सरच्या पेशंटला आपल्याकडं रोज देतात, नवीन काही नाही, पण ते रेडिएशनच्या पेशंटला शक्य तो पहिल्या चोवीस तासांत सुरू केलं तर जास्त उपयोगी. ऑपरेशन करायचं असेल तर तेही पहिल्या दीड-दोन दिवसांत उरकायचं, नंतर पेशी खाली गेल्या की जखम भरत नाही आणि जंतू आत घुसतात. म्हणजे निर्णय सगळा पहिल्या दोन दिवसांतला आहे, आणि पहिले दोन दिवस पेशंट तालुक्यालाच असणार. चेर्नोबिलच्या अणुभट्टीच्या दुर्घटनेत, २६ एप्रिल १९८६, सुरुवातीला २३७ जणांना रेडिएशनचा आजार असल्याचा संशय होता, त्यातले १३४ खरे निघाले आणि २८ जण पहिल्या काही महिन्यांत वारले. ती निवड त्यांनी उलटी कधी झाली, कातडी कधी लाल झाली आणि लिम्फोसाइट किती उरले ह्याच्यावरच केली होती, मोठी मशीनं नंतर आली.

आता कुणी म्हणेल मराठवाड्यात कुठं अणुभट्टी आहे. नाहीच. पण तारापूर १९६९ पासून आपल्याच राज्यात आहे, मुंबईत ट्रॉम्बेचं अणुसंशोधन केंद्र आहे, आणि मुंबई-पुण्यात आपली किती माणसं आहेत हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. बीडची, जालन्याची, नांदेडची, आमच्या लातूरची. तिकडं काही झालं तर ती माणसं कुठं जाणार? कोरोनात बघितलं की आपण, घरीच आली, मिळेल त्या गाडीनं, नाहीतर चालत. देवगिरी, नंदीग्राम, लातूर एक्स्प्रेस सकाळी स्टेशनात लागली की त्यातून उतरणारा माणूस रात्रभराचा प्रवास करून आलेला असेल आणि उलटी होऊन गेलेली असेल. म्हणून स्टेशनवर नि एसटी स्टँडवर जो कुणी आरोग्य कर्मचारी उभा कराल त्याच्या हातात थर्मल गनसारखं काही देण्याआधी एक प्रश्न द्या. आणि तो आपल्या भाषेत द्या. "मामा, तिथनं निघाल्यावर किती वेळानं ओकलात? गाडी कुठं होती तवा, कल्याण गेलं होतं का?" लोकांना घड्याळ आठवत नाही, स्टेशन आठवतं. स्टेशनवरून वेळ काढता येते.

आणि दुसरा धोका तर घरातच आहे. जालन्यात स्टीलच्या भट्ट्या आहेत, देशभरातून आणि बाहेरून भंगार येतं, ते वितळवून सळई होते. २०१० च्या एप्रिलमध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात विद्यापीठाच्या केमिस्ट्री विभागानं लिलावात काढलेलं जुनं मशीन आलं, त्यात कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी धातू होता, कापताना उघडा पडला, एक कामगार वारला आणि बाकीचे आजारी पडले. त्याच्या आधी २००८ मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० सापडला, ते स्टील भारतातून गेलेलं होतं. भंगारात काम करणारा माणूस दवाखान्यात येईल तेव्हा रेडिएशन हा शब्द त्याच्या तोंडात नसेल. तो म्हणेल, हाताला भाजल्यासारखं झालंय पण आगीजवळ गेलो नव्हतो, दोन-तीन दिवसांपूर्वी ओकलो होतो, आमच्यातल्या अजून एकाला तसंच झालंय. ही तीन वाक्यं एकत्र आली की डॉक्टरच्या डोक्यात घंटा वाजली पाहिजे आणि त्याच दिवशी सीबीसी झाला पाहिजे. जालन्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयाला माझी वेगळी हात जोडून विनंती, तीन पाकळ्यांची ती किरणोत्साराची खूण आणि ह्या तीन वाक्यांचा कागद मराठी आणि हिंदीत प्रत्येक भंगाराच्या गोडाऊनवर लावा, कारण तिथं काम करणारी बरीच पोरं बाहेरच्या राज्यातली आहेत.

धूळ लागलेल्यांबद्दल थोडं बोलतो. आधी जीव, मग धूळ. रक्त वाहत असेल, श्वास अडकला असेल तर मीटर बाजूला ठेवून ते आधी बघायचं. मास्क, ग्लोव्हज, गाऊन घातला तर दवाखान्यातल्या माणसाला अशा पेशंटपासून धोका फार कमी असतो, हे वॉर्डबॉयपासून अ‍ॅम्ब्युलन्स ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर वेळेवर कुणी हात लावणार नाही. अंगावरचे कपडे काढले की ऐंशी-नव्वद टक्के धूळ त्याच्याबरोबर जाते. मराठवाड्यात हे फार महत्त्वाचं आहे कारण आपल्याकडं पाणी कुठंय? २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, त्या वेळेला असं काही झालं असतं तर हजार माणसांना आंघोळी कशानं घातल्या असत्या? कपडे आधी, मग ओल्या फडक्यानं तोंड, मान, हात, केस, आणि शक्य असेल तर कोमट पाणी आणि साबण, खसाखसा घासायचं नाही कारण कातडी सोलली तर धूळ आत जाते. पण कपडे काढा म्हणणं सोपं आहे. नऊवारी नेसलेल्या आजीला चार माणसांत लुगडं सोड म्हणलं तर ती मरेल पण सोडणार नाही. पडदा पाहिजे, बाई कर्मचारी पाहिजे, आणि घालायला दुसरं काहीतरी पाहिजे, निदान स्वच्छ साडी. स्टॉकच्या यादीत सुटाच्या आधी ह्या साड्या लिहा. काढलेले कपडे पिशवीत घालून नाव, गाव आणि वेळ लिहून ठेवा, टाकू नका.

आयोडीनच्या गोळीवरून लोक फार गोंधळतात. ती फक्त किरणोत्सारी आयोडीनपासून थायरॉइड वाचवते, तेही आधी किंवा पहिल्या काही तासांत घेतली तर. मायापुरीसारख्या कोबाल्टच्या प्रकारात तिचा काडीचा उपयोग नाही.

पक्का डोस काढायची टेस्ट वेगळी आहे, लिम्फोसाइटमधले क्रोमोसोम, म्हणजे गुणसूत्रं, बघतात, रेडिएशननं तुटून चुकीचे जोडले गेलेले, एकाला दोन मध्यबिंदू असलेले किती ते मोजतात. ती ट्रॉम्बेला बीएआरसीत, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्रात, होते, पेशी वाढवायलाच दोन दिवस लागतात, म्हणजे रिपोर्ट यायला तीन-चार दिवस जाणारच. पण त्याच्यासाठी सॅम्पल नीट पाठवणं आपल्या हातात आहे. सीबीसीला जांभळ्या टोपणाची ट्यूब असते, ह्याला हिरव्या टोपणाची हेपॅरिनची लागते, दहा मिली रक्त, डोस लागून साधारण चोवीस तास झाल्यावर काढलेलं. आपल्या बऱ्याच ग्रामीण रुग्णालयांत हिरव्या ट्यूब स्टॉकमध्येच नसतात कारण रोज लागत नाहीत. आणि हे रक्त बर्फात घालायचं नसतं, गोठलं की संपलं, वीस-बावीस डिग्रीला जिवंत ठेवायचं असतं. मे महिन्यात परभणीत बाहेर ४४ डिग्री असताना मोटरसायकलच्या डिकीतून सॅम्पल नेलं तर मुंबईला मेलेल्या पेशी पोचतील. लसीचा डबा आहेच आपल्याकडं, त्यात गोठवलेल्या पॅकऐवजी थंड पाण्याचे पॅक ठेवायचे, एवढंच, पण हे आधी कुणीतरी एकदा करून बघितलेलं पाहिजे.

कायदा तुमच्या हातात आहे, २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा. जिल्हाधिकारी हेच जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष आहेत, आणि २००९ मध्ये राष्ट्रीय प्राधिकरणानं अणू आणि किरणोत्साराच्या आपत्तीसाठी मार्गदर्शक सूचना काढलेल्या आहेत, म्हणजे वरून परवानगीची वाट बघायची गरज नाही. संभाजीनगरच्या शासकीय कॅन्सर रुग्णालयात रेडिएशनचं काम रोज करणारी माणसं आहेत, त्यांना आठ जिल्ह्यांत एकेक दिवस फिरवा. प्रत्येक जिल्ह्यात फिलग्रास्टिम कुठं किती आहे, हेमॅटॉलॉजीचा, म्हणजे रक्ताच्या आजारांचा, डॉक्टर कुठं आहे, कुठल्या लॅबमध्ये रात्री माणूस असतो, ह्याची एक यादी फोन नंबरासह कॅज्युअल्टीत लावा. आणि पुढच्या मॉक ड्रिलला स्ट्रेचरवरच्या पोरांच्या खिशात एकेक चिठ्ठी ठेवा, कुणाच्या चिठ्ठीवर "४० मिनिटांनी उलटी", कुणाच्या "५ तासांनी", कुणाच्या "उलटी नाही, पण मीटर वाजतो", आणि बघा आपली माणसं कुणाला आधी उचलतात.

मी माझ्यापुरतं एक केलंय. लातूरला एका शिक्केवाल्याकडून रबरी शिक्का बनवून घेतलाय, केसपेपरच्या कोपऱ्यात बसतो. त्यात पाच ओळी आहेत: घटना किती वाजता, पहिली उलटी किती वाजता, आधी दिलेलं इंजेक्शन, लिम्फोसाइट पहिला आणि वेळ, लिम्फोसाइट दुसरा आणि वेळ. आमच्या साहेबांना दाखवला, ते चांगले आहेत, म्हणले कल्पना बरोबर आहे पण केसपेपरवर आपल्या मनानं शिक्का मारता येत नाही, वरून लेखी आलं पाहिजे. त्यांचंही बरोबर आहे. शिक्का माझ्या ड्रॉवरमध्ये पॅडसह ठेवलेला आहे. तुमच्याकडून एका ओळीचं लेखी आलं की दुसऱ्या दिवशी सकाळच्या ओपीडीपासून वापरायला काढतो, आणि ज्या तालुक्याला पाहिजे त्यांना त्याचा नमुना मी स्वतः नेऊन देतो.

आपला,
एक लॅब टेक्निशियन,
औसा तालुका, जि. लातूर